दारातला मधला माणूस

"दादा, मुर्धा गावात आलोय. आता पुढे कुठे?"

भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन पार्सलवाले रोज हा फोन करतात. पलीकडून उत्तर येतं ते खुणांचं. देवळाच्या पुढे या, डावीकडची गल्ली, निळं गेट, तिथे कुणालाही विचारा. गावठाणात घराला घर लागून असतं आणि नंबरापेक्षा माणसाच्या नावाने घर लवकर सापडतं. दारात पोचल्यावर दुसरा प्रश्न येतो, "काकू, कॅश देताय की ऑनलाइन केलंय?"

घर कुठे आणि पैसे कधी, या दोन प्रश्नांभोवती आपल्याकडचा सगळा ऑनलाइन बाजार फिरतो. जाहिरातीत सेल दिसतो, सवलत दिसते, सिनेनट दिसतात. हा धंदा आतून पाहिला तर त्याची खरी परीक्षा दारात होते. प्रत्येक देशाच्या बाजाराचा स्वभाव मला एकाच गोष्टीवरून कळतो. अनोळखी विक्रेता आणि अनोळखी ग्राहक यांच्यामध्ये तिथे कुणाला उभं केलं जातं?

आपल्याकडे हा मधला माणूस जुना आहे. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही.पी.ची (व्हॅल्यू पेएबल) सोय सुरू केली. मराठी घरांत पुस्तकं, औषधं, घड्याळं अशीच येत. मासिकातली जाहिरात बघून एक कार्ड टाकायचं, काही दिवसांनी पोस्टमन पुडकं घेऊन दारात यायचा आणि पैसे मोजून व्ही.पी. सोडवून घ्यायची. ग्राहकाला परगावच्या दुकानदाराची खात्री नसली तरी पोस्टमनची होती. दुकानदाराचीही तीच गत, कारण पैसे पोस्टातून परत येणार हे त्याला ठाऊक होतं.

ही गोष्ट ध्यानात ठेवली की २०१० साल नीट समजतं. फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळुरूत पुस्तकं विकायला लागली, तेव्हा समोर नमुना अमेरिकेचा होता. कार्डाचा नंबर टाका, बटण दाबा, झालं. इथे बहुतेकांकडे क्रेडिट कार्ड नव्हतं, ज्यांच्याकडे होतं त्यांना ते संगणकावर टाकायची भीती वाटे. त्यात रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची केली. आजचा ओटीपी त्याच नियमाच्या वाटेने घराघरांत आला. अमेरिकेत एका क्लिकवर होणारी खरेदी इथे मध्येच अडकायची. नेट गेलं, पान लटकलं, कोड उशिरा आला. अनेक कंपन्यांना तो नियम तेव्हा जाच वाटला. मला तो योग्य वाटतो. पहिल्यांदाच ऑनलाइन पैसे देणाऱ्याला त्याने आधार दिला. फ्लिपकार्टने २०१० मध्ये 'कॅश ऑन डिलिव्हरी' आणली आणि गाडी चालू लागली. नाव इंग्रजी असलं तरी रीत आपल्या आजोबांच्या ओळखीची होती.

चीनमध्ये हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने सुटली. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या एका चिनी विद्यार्थ्याने ताओबाओ या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर आपला जुना फुजी कॅमेरा विकायला काढला. शिआन शहरातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने तो ७५० युआनला घ्यायचं ठरवलं. पैसे आधी पाठवायचे की कॅमेरा आधी, यावर सगळं अडलं असतं. ताओबाओने सुचवलं, पैसे आमच्याकडे ठेवा, कॅमेरा मिळाला की आम्ही विक्रेत्याला देऊ. मुलाने पैसे भरले आणि मग तो घाबरला, परत मागायला लागला. कर्मचाऱ्यांनी त्याची समजूत काढली आणि व्यवहार पुरा झाला. अलीपे या पैसे देण्याघेण्याच्या सेवेची सुरुवात ती. चीनमध्ये मधला माणूस दारात आला नाही, तो खात्यात बसला. त्याच काळात अमेरिकेची ईबे चीनमध्ये मोठ्या तयारीने उतरली होती. ताओबाओवर ग्राहक विक्रेत्याशी थेट गप्पा मारू शके, भाव पाडू शके, आणि विक्रेत्याला दुकान मांडायला शुल्क नव्हतं. ईबेला आपली घडी मोडवली नाही. २००६ संपता संपता तिने चीनमधलं संकेतस्थळ बंद केलं. घासाघीस हा ज्या बाजाराचा जीव आहे, तिथे तोंड बंद करून माल विकता येत नाही. हे भाईंदरच्या मासळी बाजारात उभं राहिलेल्या कुणालाही पटेल.

जर्मनीत तर मधला माणूसच लागला नाही. हॅम्बुर्गच्या वेर्नर ओटो यांनी १९५० मध्ये पहिला कॅटलॉग काढला. प्रती ३००, त्यात बुटांचे २८ जोड, आणि फोटो हाताने चिकटवलेले. युद्धाने मोडलेल्या देशात त्यांनी माल आधी पाठवला, सोबत बिल जोडलं आणि पैसे नंतर मागितले. जर्मन ग्राहकाला ती सवय आजही सुटलेली नाही. तीन मापांचे कपडे मागवायचे, घरी घालून बघायचे, एक ठेवायचा, दोन परत. झालांडोसारख्या कपड्यांच्या कंपनीला विकलेल्या मालापैकी साधारण निम्मा परत घ्यावा लागतो आणि तो हिशेब धरूनच ती धंदा करते.

आपल्याकडेही माल परत जातो, पण वेगळ्या कारणापायी. याला धंद्यातले लोक 'आरटीओ' म्हणतात. गाड्यांच्या कार्यालयाशी याचा संबंध नाही. दारापर्यंत जाऊन न स्वीकारता उगमाकडे फिरलेलं पार्सल म्हणजे आरटीओ. फोन उचलला नाही, घरात सुटे नाहीत, मुलाने न विचारता मागवलं होतं, किंवा तीच वस्तू बाजारात स्वस्त मिळाली. रोखीच्या ऑर्डरीत ग्राहकाचा एक रुपयाही अडकलेला नसतो, त्यामुळे 'नको' म्हणणं सोपं जातं. जाण्यायेण्याचा भार बहुतेक वेळा लहान विक्रेत्याच्या अंगावर पडतो. सुरतेतली साडी दारापर्यंत येऊन पुन्हा सुरतेला जाते, आणि ज्याने ती पाठवली त्याचा त्या महिन्याचा नफा तिच्याबरोबर जातो. ग्राहकाच्या बाजूने लिहिणारे पुष्कळ आहेत. या माणसाबद्दल फार कमी लिहिलं जातं.

या रोखीचे किस्से नोटांच्या इतिहासात सापडतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या तेव्हा काही कंपन्यांना रोखीची डिलिव्हरी थांबवावी किंवा आवरावी लागली. मे २०२३ मध्ये दोन हजाराच्या नोटा मागे घेण्याची घोषणा झाली आणि उलटंच घडलं. झोमॅटोने जाहीर केलं की त्या दिवसांत रोखीच्या ऑर्डरींपैकी ७२ टक्के ऑर्डरींचे पैसे दोन हजाराच्या नोटांत आले. लोकांनी डिलिव्हरीच्या पोरालाच बँक केलं. आता यूपीआयमुळे काकू दारातच क्यूआर स्कॅन करतात. रोख कमी झाली, तरी 'आधी माल बघू दे' ही अट कायम आहे.

आता पार्सल निघतं तिथे जाऊ. ॲमेझॉन जून २०१३ मध्ये भारतात आली आणि तिचं पहिलं गोदाम उघडलं भिवंडीत, आपल्याच ठाणे जिल्ह्यात. यंत्रमागांच्या या गावाभोवती गोदामं वाढली, कारण मुंबई जवळ होती आणि ती मुंबईच्या जकातीबाहेर राहत होती. अमेरिकेत ॲमेझॉन स्वतःही दुकानदार आहे. भारतात परदेशी भांडवलाच्या कंपनीला असा थेट माल विकता येत नाही, तिने फक्त बाजार भरवायचा. मग विक्रेते हवेत, आणि आपला दुकानदार संगणकावर दुकान मांडायला बिचकत होता. कंपनीने 'चाय कार्ट' नावाच्या गाड्या काढल्या. बाजारपेठेत उभं राहायचं, दुकानदाराला चहा पाजायचा, बोलता बोलता ऑनलाइन विकणं समजवायचं. जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात याचा हिशेब दिला आहे : ३१ शहरं, १५,२८० किलोमीटर, ३७,२०० कप चहा, १० हजारांहून अधिक विक्रेते. परदेशी भांडवलाचे नियम पुढे आणखी कडक झाले. १ फेब्रुवारी २०१९ ला ते लागू होताच ॲमेझॉनच्या भारतीय संकेतस्थळावरून तिचाच एको स्पीकर काही काळ दिसेनासा झाला.

पहिला प्रश्न मात्र राहिलाच : घर कुठे? यावर देशाने काढलेलं मोठं उत्तर एका मराठी माणसाचं आहे. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते, वाचता न येणारं अक्षर, या सगळ्यावर सहा आकडे पुरले. आज त्याच आकड्यांवर भिवंडीतली पार्सलं वेगळी होतात. ४०११०१ पाहिलं की पिशवी भाईंदर पश्चिमेची. तिथून पुढे मात्र पिन मदत करत नाही. गल्ली, गेट आणि नाव हे पोरालाच शोधायचं असतं. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. त्यात साधारण चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा पत्ता मिळतो. मुर्धा, राई, मोर्वा अशा गावठाणांना याचा सर्वांत जास्त उपयोग होईल. शाळेत, मंडळाच्या कार्यालयात बसून घरोघरचा डिजिपिन काढून द्यायला हवा.

हे मी आग्रहाने म्हणतो, कारण तो पत्ता शोधण्यात जाणारा वेळ कुणाच्या तरी जेवणाचा असतो. जपानच्या यामातो कंपनीने १९७६ मध्ये घरपोच पार्सलसेवा सुरू केली तेव्हा पहिल्या दिवशी ११ पार्सलं आली. चाळीस वर्षांत ऑनलाइन खरेदीने तिचे चालक पार वाकले. ग्राहकाला हवी ती वेळ निवडायची सोय, घरी नसला तर पुन्हा फेरी. जून २०१७ मध्ये यामातोने दुपारी बारा ते दोन ही डिलिव्हरीची वेळ यादीतून काढून टाकली, चालकांना जेवता यावं म्हणून. ग्राहकाला देवासारखं मानणाऱ्या देशाने ग्राहकाला हे सांगितलं आणि ग्राहकांनी ते ऐकलं. आपल्याकडच्या कोणत्याही कंपनीने हे उद्या करावं. मुर्धा गावातल्या काकू नक्कीच म्हणतील, "जेवून ये रे बाबा, पार्सल कुठे पळून जातंय!"