घटिकापात्राचें बुडणें आणि जुन्या कागदांतील घटिका-पळें

जुन्या जन्मपत्रिका, शकावल्या व पत्रें चाळणाऱ्यास सूर्योदयापासून अमुक घटिका व अमुक पळें, असे कालनिर्देश पदोपदीं भेटतात. समजा, असा एक कागद पुण्याचा आहे व दुसरा भंडारा जिल्ह्यांतील, तुमसर तालुक्यांतल्या बपेऱ्याचा आहे; दोहोंत एकच तिथि असून सूर्योदयोत्तर दहा घटिका लिहिल्या आहेत. तर त्या दोन्ही गोष्टी एकाच क्षणीं घडल्या काय? याचें उत्तर देण्यापूर्वीं त्या घटिका ज्या साधनानें मोजल्या जात, त्याची परीक्षा करणें अवश्य आहे.

अहोरात्राच्या ६० घटिका, म्हणून घटिका २४ मिनिटांची. घटिकेचीं ६० पळें, म्हणून पळ २४ सेकंदांचें. तळाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें पात्र घंगाळांतील स्वच्छ पाण्यावर ठेवावें व तें अहोरात्रांत ६० वेळां बुडावें, असें सूर्यसिद्धांतांत सांगितलें आहे. 'घटका भरली' हा आपला वाक्प्रचार या पात्रापासूनच आला.

आतां तें भरतें कसें, हें पाहूं. एखादी टाकी पाण्याखालीं घट्ट बसविली व तिच्यांतील हवेस बाहेर पडण्यास वाट ठेवली, तर तिच्या छिद्रांतून येणाऱ्या पाण्याचा वेग छिद्राच्या खोलीवर अवलंबून असतो. खोली चौपट केली कीं आरंभींचा वेग दुप्पट होतो. हवेस वाट नसेल तर हवा दबते तेवढेंच पाणी आंत शिरतें. सुमारे १० मीटर खोलीवर तळाशीं छिद्र असलेली अशी टाकी निम्मीच भरून थांबेल. घटिकापात्राची गोष्ट याहून निराळी आहे. त्याचें तोंड उघडें असल्यानें हवेचा अडथळा नाहीं, आणि तें तरंगतें असल्यानें घंगाळ किती खोल आहे यास महत्त्व नाहीं. बाहेरील पाण्याची पातळी आंतील पातळीहून जितकी उंच, तितकाच दाब पाण्यास आंत ढकलतो. आणि हें अंतर मुख्यतः पात्राचें वजन व त्याची रुंदी यांवरून ठरतें. सरळ भिंतींच्या पात्रांत हें अंतर प्रथमपासून अखेरपर्यंत जवळजवळ सारखें राहतें. अर्धगोल पात्रांत मात्र पाणी चढूं लागलें कीं रुंदी वाढते व अंतर घटतें.

उदाहरणार्थ, १० सेंटीमीटर त्रिज्येचें व ४०० ग्रॅम वजनाचें अर्धगोल पात्र घ्या. आरंभीं हें अंतर ४ सेंटीमीटरांच्या जवळपास असतें, शेवटीं १ सेंटीमीटराहून थोडें अधिक उरतें. सुमारे १७०० घन सेंटीमीटर पाणी आंत आलें म्हणजे कांठ बाहेरील पाण्यास टेकतो व पात्र बुडतें. हें २४ मिनिटांत व्हावयाचें तर सेकंदास सरासरी १.२ घन सेंटीमीटर पाणी यावें लागतें, व त्यास सुमारे २ मिलिमीटर व्यासाचें छिद्र पुरतें. प्रवाह उत्तरोत्तर मंदावत असल्यानें पात्र निम्में भरलें म्हणजे अर्धी घटिका झाली, असें धरतां येत नाहीं. पळ मोजण्यास ६० दीर्घ अक्षरें उच्चारण्याचें मान ग्रंथांत दिलें आहे, त्याची गरज येथें लक्षांत येते.

वजनांत शेंकडा १० वाढ झाली तर काळ शेंकडा ५ ते ७ घटतो. पण छिद्राचा व्यास तितकाच वाढला तर क्षेत्र शेंकडा २१ वाढतें, आणि २४ मिनिटांचें पात्र २० मिनिटांतच बुडतें. उलट छिद्रांत मळ सांठला तर काळ लांबतो. भास्कराचार्यांच्या कन्येच्या लग्नांत मोतीं छिद्रांत अडकून मुहूर्त टळला, ही कथा मूळ लीलावतींत नाहीं. ती फैजीनें इ. स. १५८७ त केलेल्या फारसी भाषांतरांत येते. तरी तींतील यंत्रविचार अगदीं यथार्थ आहे.

लल्लानें पात्राचें वजन दहा पलें, उंची सहा अंगुळें, रुंदी बारा अंगुळें व छिद्रासाठीं सोन्याच्या तारेचें प्रमाण दिलें. भास्कराचार्यांनीं सिद्धांतशिरोमणींत (इ. स. ११५०) हें लक्षण युक्तीस न पटणारें व घडविण्यास कठीण म्हणून सोडून दिलें. पात्र कसेंही असो, तें अहोरात्रांत किती वेळां बुडतें हें मोजावें व त्यावरून त्याचें मान काढावें, असा त्यांचा निर्णय आहे. वर दाखविलेली छिद्राची नाजूक स्थिति पाहतां हाच मार्ग शास्त्रशुद्ध ठरतो.

आतां मूळ प्रश्न. घटिकांची गणना स्थानिक सूर्योदयापासून होई. बपेरा पुण्याच्या पूर्वेस सुमारे ६ अंश रेखांशावर आहे. म्हणून विषुवदिनाच्या सुमारास तेथें सूर्य जवळजवळ एक घटिका आधीं उगवतो. अर्थात् दोन्ही पात्रें निर्दोष असलीं तरी बपेऱ्याच्या दहा घटिका पुण्याच्या नऊ घटिकांच्या वेळींच भरतील. तेव्हां कागदांतील घटिका आजच्या वेळेंत आणतांना गांव व ऋतु हे दोन्ही पाहावे. आणि पळांचा आंकडा पात्रावरून आला कीं ज्योतिषाच्या गणितावरून, याचा निर्णय झाल्यावांचून त्यावर इमारत उभारूं नये.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. तळाशीं छिद्र असलेली तांब्याची वाटी फुटकी समजून मोडींत जाण्याचा किंवा डांक लावून बुजविली जाण्याचा संभव फार. अशी वाटी हातीं आल्यास छिद्रांत सुई अगर तार घालूं नये, चिंचेनें घांसूं नये. तिचें वजन, तोंडाचा व्यास, खोली व छिद्राचा व्यास टिपावा. मग स्वच्छ पाण्यावर ती निदान दहा वेळां बुडवून प्रत्येक वेळीं लागलेला काळ लिहावा. एखाद्या घराण्यांत दप्तर व पात्र हीं दोन्ही टिकून असतील, तर त्या दप्तरांतील घटिका किती लांबीच्या होत्या, हें सांगणारा दुसरा साक्षीदार आपणांस मिळणार नाहीं.