केडगाव, दौंड, शिरूर : दुष्काळातून आलेल्यांना वसवण्याचे काम

मुलूख सोडून आलेल्या माणसांना नव्या जागी वसवण्याचे काम एका झटक्यात होत नाही. माणसे शोधणे, त्यांना सुखरूप आणणे, जगवणे, नवी भाषा आणि हातचे काम शिकवणे आणि शेवटी त्यांना स्वतःच्या पायावर उभे करून बाहेर जाऊ देणे, अशा क्रमाने ते चालते. कारण दुष्काळ असो, युद्ध असो वा छळ, हा क्रम फारसा बदलत नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, दौंड आणि शिरूर तालुक्यांत, हे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर झाले. ते करणाऱ्यांत पगारी माणसे थोडी होती. बहुतेक जण स्वयंसेवक होते आणि कालपर्यंत स्वतःच आश्रयाला असलेल्या मुली व स्त्रियांचा त्यांत मोठा वाटा होता.

1896-97 आणि 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ पडले. पहिल्याची झळ मध्य प्रांताला फार बसली, दुसऱ्याने गुजरात आणि राजपुताना होरपळला. दुसऱ्याला विक्रम संवत 1956 वरून गुजरातेत ‘छप्पनिया’ म्हणतात. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारने दुष्काळ संहिता तयार केल्या होत्या. त्यांनुसार खडी फोडणे, रस्ते बांधणे, तलाव खणणे अशी कामे निघत. ज्यांना काम झेपत नसे त्यांच्यासाठी दुष्काळी छावण्या आणि अनाथगृहे असत. मात्र एकट्या पडलेल्या मुलींना आणि तरुण विधवांना तिथे संरक्षण नव्हते. मुकादम, पहारेकरी आणि मुली पळवणारे दलाल त्यांच्या असहायतेचा फायदा घेत. 1897 मध्ये मध्य प्रांतात फिरताना पंडिता रमाबाईंनी हे पाहिले आणि लिहून ठेवले.

रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. त्यानंतर त्या भाऊ श्रीनिवास यांच्यासोबत शेकडो मैल पायी फिरल्या. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. संस्थेला उत्पन्नाचा आधार असावा म्हणून केडगाव येथे सुमारे 100 एकर जमीन घेऊन त्यांनी फळबाग सुरू केली होती. दुष्काळातल्या मुली आल्या तेव्हा हीच जमीन कामी आली.

पहिले काम निवडीचे आणि म्हणूनच सर्वांत अवघड. छावणीत हजारो माणसे असताना कोणाला न्यायचे आणि कोणाला मागे ठेवायचे, हे काही तासांत ठरवावे लागे. रमाबाईंनी एकट्या स्त्रिया आणि अनाथ मुली यांच्यापुरते काम मर्यादित ठेवले. 1897 मध्ये केडगावात सुमारे 300 जणी राहिल्या, इतर अनेकींना दुसऱ्या संस्थांकडे सोपवण्यात आले. आपल्याला किती झेपेल याचा हिशेब आधी मांडून उरलेल्यांसाठी दुसरी जागा शोधणे, ही या कामातली शिस्त आजही महत्त्वाची मानली जाते. 1900 च्या दुष्काळात रमाबाईंनी स्वतः सगळीकडे जाण्याऐवजी तयार झालेले मदतनीस गुजरातेत पाठवले. या दुसऱ्या खेपेनंतर केडगावातील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

प्रवासासाठी रेल्वेचा आधार होता. केडगाव आणि दौंड ही दोन्ही स्थानके मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या जी. आय. पी. लोहमार्गावर आहेत, शिवाय दौंड-मनमाड मार्ग 1878 मध्ये सुरू झाल्याने दौंड हे जंक्शन झाले होते. मध्य प्रांतातून मनमाडमार्गे किंवा गुजरातेतून मुंबईमार्गे येणाऱ्या तुकड्या इथे उतरवणे सोपे होते. 1897 मध्ये पुण्यात प्लेगचे नियम कडक झाले आणि बाहेरून माणसे आणून शहरात ठेवणे अशक्य झाले. त्यामुळे मुलींना थेट केडगावच्या माळावर आणावे लागले. तिथे त्या वेळी इमारती नव्हत्या. पहिले दिवस तंबूंत आणि कुडाच्या छपरांखाली गेले. 1898 मध्ये बांधकाम उभे राहिले आणि वस्तीला ‘मुक्ती’ हे नाव मिळाले.

आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असत. दीर्घ उपासमार झालेल्या माणसाला एकदम पोटभर जेवण दिले तर ते जिवावर बेतते. म्हणून सुरुवात पातळ पेजेने होते. थोडी थोडी, दिवसातून अनेकदा, आणि मागितली तरी ठरल्यापेक्षा जास्त नाही. भुकेल्या मुलीसमोर हात आखडता घेणे नव्या मदतनिसाला जमत नाही. तिला वाटते, आपण निर्दय होतो आहोत. त्यामुळे वाढण्याचे काम अनुभवी बाईकडे आणि शेजारी बसून घोट घोट पाजण्याचे काम नव्या मुलीकडे, अशी वाटणी सोयीची ठरते. तोंड आलेले, डोळे चिकटलेले, अंगावर खरूज आणि डोक्यात उवा ही अशा तुकड्यांची नेहमीची लक्षणे. कपडे जाळणे किंवा उकळणे, आंघोळ, जखमा धुणे आणि तोंडाला औषध लावणे हे रोजचे काम होऊन बसते. केस कापणे मात्र नाजूक. केशवपन म्हणजे वैधव्य, हे ठाऊक असलेल्या मुलीला कात्री पाहून धडकी भरते. तिला आधी कारण समजावून सांगणारे, शक्यतो तिच्याच बोलीत सांगणारे, कोणी तरी जवळ लागते.

पोट भरू लागले तरी भुकेची भीती लगेच जात नाही. उपासमारीतून आलेली मुले भाकरीचा तुकडा पदरात, उशाखाली, भिंतीच्या फटीत लपवून ठेवतात. तो शिळा होतो, त्याला मुंग्या लागतात. अंथरुणे झटकताना तो सापडला की नवखा कार्यकर्ता रागावतो किंवा तो फेकून देतो. जाणती बाई तसे करत नाही. पुढचे जेवण कधी आहे हे ती सांगते आणि त्या वेळेला ते खरोखरच देते. वेळ पाळली गेली की काही दिवसांनी तुकडे सापडणे आपोआप बंद होते. जेवणाची घंटा वेळेवर वाजणे हा अशा ठिकाणी शिस्तीइतकाच उपचाराचाही भाग असतो.

पुढचा टप्पा भाषेचा. मध्य प्रांतातून आलेल्या बऱ्याच मुली हिंदी बोलत, गुजरातेतल्या गुजराती. केडगावच्या शाळेची आणि आजूबाजूच्या बाजाराची भाषा मराठी. मोठ्या संख्येला पुरतील इतके शिक्षक बाहेरून मिळणे शक्य नव्हते, म्हणून शारदा सदनात शिकलेल्या मुलींना वर्ग देण्यात आले. अमेरिकेत असताना रमाबाईंनी फ्रोबेलची बालोद्यान पद्धत अभ्यासली होती. वस्तू हाताळत, गाणी म्हणत शिकवण्याची ही रीत भाषा न येणाऱ्या मुलांसाठी सोयीची होती. अंध मुलींसाठी वेगळी सोय करण्यात आली. रमाबाईंची कन्या मनोरमा यांनी तिथे ब्रेल लिपी शिकवायला सुरुवात केली.

शाळेबरोबर हातचे काम शिकवले जाई. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, भांड्यांना कल्हई आणि छापखाना असे उद्योग केडगावात चालत. त्यांतून दोन गोष्टी साधत. वस्तीचा रोजचा खर्च कमी होई आणि प्रत्येकीच्या हाताला विकता येईल असे कौशल्य लागे. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे मुली करत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले.

मुलग्यांची व्यवस्था निराळी होती. दौंड येथे अल्बर्ट नॉर्टन आणि त्यांच्या पत्नी दुष्काळातून आलेल्या अनाथ मुलग्यांचे वसतिगृह चालवत. शिरूर हे त्या वेळी अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. तिथे रिचर्ड विन्सर यांनी औद्योगिक शाळा काढली होती. दुष्काळानंतर अनाथ मुले तिथेही आली. घोडनदीच्या या कोरड्या पट्ट्यात घायपात कमी पाण्यावर चांगले वाढते. विन्सर यांनी त्याच्या वाखापासून दोर आणि इतर वस्तू बनवण्याचे काम मुलांना शिकवले. शिरूरला रेल्वे नव्हती, नगर रस्त्यावरून बैलगाडी हाच मार्ग. त्यामुळे जागेवर मिळणाऱ्या कच्च्या मालावर उद्योग उभा करण्याला तिथे विशेष अर्थ होता.

या साऱ्या कामाचा कणा म्हणजे मदतनिसांची घडण. 1898 च्या सुरुवातीला रमाबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा केडगावची जबाबदारी सुंदराबाई पवार आणि मिनी एब्रम्स यांनी सांभाळली. एब्रम्स आधी मुंबईत काम करत होत्या. परदेशातून इतरही स्वयंसेविका येत राहिल्या, पण दोन हजारांच्या वस्तीला त्यांची संख्या पुरण्यासारखी नव्हती. मुलींचे गट पाडून प्रत्येक गटावर एक मोठी बाई नेमलेली असे. झोपणे, जेवणे, आजारपण, भांडणे यांची पहिली दाद तिच्याकडे. 1897 मध्ये छावणीतून आलेली मुलगी 1900 पर्यंत थोडी लिहायला-वाचायला शिकलेली, मराठी बोलणारी आणि वस्तीची रीत जाणणारी झालेली असे. गुजरातेतून नवी तुकडी उतरली तेव्हा अशा मुली हाताशी होत्या. आज ज्याला ‘इंटर्नशिप’ म्हणतात आणि समाजकार्याच्या महाविद्यालयांत ज्याला ‘क्षेत्रकार्य’ हा शब्द आहे, त्याचे हे जुने रूप. फरक एवढाच की इथे उमेदवार बाहेरून येत नव्हता.

आश्रितांतूनच मदतनीस घडण्याची हीच गोष्ट पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथेही दिसली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून बाहेर पडलेल्या सुमारे 5,000 पोलिश निर्वासितांची छावणी 1943 ते 1948 या काळात तिथे होती. त्यांत स्त्रिया आणि मुले यांचा भरणा होता. त्या वस्तीत पोलिश शाळा, चर्च, बालवीर पथके होती आणि शिकवणारे बहुतेक जण निर्वासितांपैकीच होते. सरकारी यंत्रणेने जागा आणि रसद पुरवली. रोजचे आयुष्य माणसांनी स्वतः उभे केले.

पैसा हा या कामातला न टाळता येणारा भाग. केडगावला बॉस्टन येथील रमाबाई असोसिएशनची आणि इंग्लंड-अमेरिकेतील वैयक्तिक देणगीदारांची मदत होती. 1900 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या पत्राच्या पुढाकाराने ‘क्विटो’ हे जहाज मक्याने भरून मुंबईला आले. लांबून येणाऱ्या पैशाला पत्रे, अहवाल आणि छायाचित्रे लागतात. त्यासाठी मुलींची दुर्दशा देणगीदारांपुढे मांडावी लागे. मदत मिळवण्यासाठी माणसाचे दुःख किती दाखवायचे, हा प्रश्न तेव्हाही होता. आज भारतात बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार संस्थेतील मुलाची ओळख उघड करता येत नाही, त्यामुळे स्वयंसेवकाला मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याची मुभा नसते.

दुसरा वादाचा मुद्दा धर्माचा. 1893 मध्येच शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो, या आक्षेपावरून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. ‘केसरी’ने कडक टीका केली होती. केडगाव, दौंड आणि शिरूर या तिन्ही ठिकाणी आश्रयाला आलेल्यांपैकी पुष्कळांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अन्न, छप्पर आणि शिक्षण ज्याच्या हाती, त्याच्यासमोर असलेल्या मुलाची किंवा मुलीची निवड कितपत मोकळी असते, हा आक्षेपाचा गाभा होता. त्या मुली नेल्या नसत्या तर त्यांचे काय झाले असते, हा संस्थांचा प्रतिप्रश्न. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. मदत देणाऱ्याने मदतीला अट जोडू नये, हा नियम आज मानवतावादी कामात सर्वमान्य आहे आणि अशा वादांतूनच त्याची गरज स्पष्ट झाली.

शेवटचा टप्पा बाहेर पडण्याचा. केडगावातून काही जणी शिक्षिका झाल्या, काही परिचारिका, काही इतर संस्थांत मदतनीस म्हणून गेल्या. अनेकींची लग्ने झाली. वृद्ध, अपंग आणि आजारी स्त्रिया मात्र तिथेच राहिल्या. प्रत्येक आश्रितासाठी एकच शेवट योजता येत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. मनोरमा 1921 मध्ये आणि रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी निवर्तल्या. पुढेही संस्था सुरू राहिली आणि मुक्ती मिशन आजही केडगावात स्त्रिया व मुलांसाठी काम करते.

आज परदेशात निर्वासितांना वसवणाऱ्या संस्थांत मराठी तरुणही उमेदवारी करतात. अमेरिकेत नव्याने आलेल्या कुटुंबासाठी पहिले 90 दिवस विशेष मदतीचे धरले जातात. विमानतळावर घ्यायला जाणे, घरात अंथरूण-पांघरूण आणि पहिल्या जेवणाची सोय, मुलांचा शाळाप्रवेश, दवाखाना, बसचा मार्ग दाखवणे आणि नोकरीचा अर्ज भरून देणे ही कामे त्यात येतात. नवख्या स्वयंसेवकाकडून बहुधा एकच चूक होते, ती म्हणजे सगळे स्वतः करून देणे. बसमध्ये सोबत जायचे ते एकदा, दुसऱ्यांदा त्या माणसाला पुढे चालू द्यायचे, आणि नंतर आलेल्या कुटुंबाला तोच मार्ग त्याने दाखवावा अशी व्यवस्था करायची, ही त्यातली खरी पद्धत. आधी आलेल्याला नंतर येणाऱ्याचा मार्गदर्शक केले की मदतनिसांची वाण पडत नाही आणि आधी आलेला माणूसही आश्रित राहत नाही.