मांडी घातलेल्या कामाचे मोल

निपाणीचे नाव निघाले की तंबाखू आठवतो, आणि त्यामागोमाग १९८१ सालचे शेतकऱ्यांचे आंदोलन व त्यातील गोळीबार. त्याच तंबाखूवर राबणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेची हकीकत छाया दातार यांनी १९८९ साली एका इंग्रजी ग्रंथात मांडली. परंतु वखारीत तंबाखू चाळताना, घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना बाईच्या पायाची एक शीर निकामी होऊ शकते, याची वाच्यता क्वचितच होते.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, पोटरीतील बारीक हाडाला वळसा घालून एक मज्जातंतू खाली उतरतो. तेथे त्याला कातडीखेरीज फारसे आवरण नाही. तासन्‌तास मांडी घातली वा उकिडवे बसले की तो दाबला जातो. अंग रोडावलेले असेल तर अधिकच. प्रथम मुंग्या येतात, मग पाऊल वर उचलेनासे होते, चप्पल निसटू लागते. मोडलेल्या हाडावरचे प्लास्टर त्या जागी घट्ट बसले तरी हेच घडते. संशय मात्र आधी कमरेच्या मणक्यावर जातो. तो पुष्कळदा खराही असतो, नाही असे नाही.

याहून फसवे कारण कुष्ठरोगाचे. त्यात हाच तंतू, तसाच कोपरामागचा, सुजून जाड होतो आणि कधी कधी अंगावर एकही चट्टा नसतो. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर या रोगाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. रोग संपला असा त्याचा अर्थ नव्हे. मज्जातंतूचे नुकसान सहा महिन्यांच्या आत ओळखले तर तो सुधारण्याची आशा बरी असते, पुढे ती मावळत जाते.

तरवा काढताना उकिडवे बसणाऱ्या आमच्या किनाऱ्याने हे परमुलखाचे दुखणे समजू नये. आंबोली वा चोर्ला घाट चढून आपलेही रुग्ण बेळगाव गाठतात. केसपेपरवर व्यवसायापुढे ‘घरकाम’ लिहून मोकळे होऊ नये, एवढे आमचे डॉक्टरमंडळींना सांगणे आहे.

दर तासाला उठून चार पावले चालावे, हा सल्ला बिनखर्चाचा दिसतो. हजार विड्यांवर मजुरी ठरलेल्या बाईला तो तसा नाही. विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा १९७६ साली झाला, त्यांच्यासाठी दवाखानेही निघाले. तेथे येणाऱ्या प्रत्येक बाईचे गुडघे व कोपरे हाताने चाचपून पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.