गाजर आणि गोळी

फिनलंडमधल्या २९,१३३ पुरुषांनी पाच ते आठ वर्षं रोज एक गोळी घेतली. सगळे सिगारेट ओढणारे, पन्नास ते एकोणसत्तर वयाचे. कुणाच्या गोळीत बीटा कॅरोटीन होतं, कुणाच्या गोळीत ई जीवनसत्त्व, कुणाच्या गोळीत दोन्ही, तर कुणाची गोळी नुसतीच नावाची. कुणाला काय मिळतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हतं. गाजराला, हापूसच्या गराला, लाल भोपळ्याला केशरी रंग देणारं बीटा कॅरोटीन फुप्फुसाच्या कॅन्सरपासून वाचवेल, अशी अनेक शास्त्रज्ञांना आशा होती. एप्रिल १९९४ मध्ये निकाल छापून आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे ४७४ रुग्ण निघाले, न घेणाऱ्यांत ४०२. कॅन्सर घटायचा तो अठरा टक्क्यांनी वाढला होता.

ही आशा हवेतून आलेली नव्हती. शरीर प्राणवायू वापरतं तेव्हा पेशींमध्ये काही अतिशय चंचल रेणू तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. हे रेणू पेशीतल्या डीएनएला इजा करतात, आणि वय वाढण्यामागे हेच कारण असावं असं शास्त्रज्ञ डेनहॅम हारमन यांनी १९५६ मध्ये मांडलं. अशा रेणूंना शांत करणारं द्रव्य म्हणजे अँटिऑक्सिडंट. वनस्पतींमध्ये अशी द्रव्यं भरपूर असतात. दुसरीकडे, भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांमध्ये काही कॅन्सर कमी दिसतात, असं अनेक देशांच्या पाहण्या सांगत होत्या. १९८१ मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात थेट प्रश्न टाकला: आहारातल्या बीटा कॅरोटीनने माणसातला कॅन्सर खरोखर कमी होईल का? धूम्रपानाचा फुप्फुसाच्या कॅन्सरशी असलेला संबंध १९५० मध्ये पुराव्यानिशी मांडणाऱ्यांपैकी डॉल एक होते. त्यांचं नाव असलेला प्रश्न कुणी हलक्यात घेणं शक्य नव्हतं, आणि त्याचं उत्तर माणसांवरच्या चाचणीतूनच मिळणार होतं.

फिनलंडचा निकाल योगायोग असेल, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. अमेरिकेत तशीच एक मोठी चाचणी चालू होती. धूम्रपान करणारे, पूर्वी करत असलेले आणि अॅस्बेस्टॉसच्या कामावरचे मिळून १८,३१४ लोक तीत होते. त्यांतल्या निम्म्यांना रोज बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व दिलं जात होतं. जानेवारी १९९६ मध्ये ती चाचणी ठरल्या वेळेच्या एकवीस महिने आधीच थांबवली गेली. गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर अठ्ठावीस टक्क्यांनी जास्त होता आणि एकूण मृत्यू सतरा टक्क्यांनी जास्त. भलं व्हावं म्हणून दिलेल्या गोळ्या घेणं बंद करा, असं हजारो लोकांना कळवावं लागलं. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या सद्हेतूने केलेल्या कामाला इतकी कडू फळं क्वचितच आली असतील.

फिनलंडच्या त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट तीच आहे. चाचणी सुरू होताना प्रत्येकाच्या खाण्याची आणि रक्तातल्या बीटा कॅरोटीनची नोंद घेतली होती. ज्यांच्या रोजच्या जेवणात ते मुळात जास्त होतं, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी झाला. माणसं तीच, रसायन तेच. ताटातून आलं तेव्हा ते भल्याच्या बाजूला दिसलं, गोळीतून आलं तेव्हा बुऱ्याच्या.

असं का व्हावं? एक कारण सरळ आहे. गाजरं खाणारा माणूस गाजराबरोबर इतर पन्नास गोष्टी खातो, बहुधा पालेभाजीही खातो, सिगारेटही थोडी कमी ओढतो. रक्तातलं बीटा कॅरोटीन ही त्या सगळ्या राहणीची खूण असू शकते. खूण उचलून गोळीत भरली तर राहणी सोबत येत नाही. दुसरं कारण मात्रेचं. फिनलंडमध्ये रोज वीस मिलिग्रॅम दिलं जात होतं. पाव किलो गाजरांत साधारण तेवढं असतं, पण गाजरातलं सगळं अंगी लागत नाही, गोळीतलं बरंच लागतं. त्या पुरुषांच्या रक्तातलं प्रमाण पंधरा पटींहून अधिक वाढलं. एवढ्या मात्रेत, सिगारेटच्या धुराने आधीच होरपळलेल्या फुप्फुसात, हे द्रव्य स्वतःच मोडून घातक होत असावं असं संशोधकांना वाटतं. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये २०१४ साली झालेल्या प्रयोगाने आणखी एक बाजू दाखवली. फुप्फुसात गाठी असलेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व आणि एन-अॅसिटिल सिस्टीन ही अँटिऑक्सिडंट्स दिल्यावर गाठी जास्त वेगाने वाढल्या. फ्री रॅडिकलचा मारा कॅन्सरच्या पेशीलाही सोसावा लागतो. तो मारा कमी झाला की तिलाही मोकळीक मिळते.

म्हणजे जीवनसत्त्वांच्या गोळ्या सगळीकडे निरुपयोगीच, असंही नाही. चीनच्या हेनान प्रांतातल्या लिनशियान भागात २९,५८४ लोकांवर झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र घेणाऱ्यांचे जठराच्या कॅन्सरने होणारे मृत्यू एकवीस टक्क्यांनी कमी झाले. पण तिथल्या लोकांच्या आहारात या पोषकांची मुळातच तूट होती. तूट भरून काढणं वेगळं आणि भरल्या पोटावर आणखी ओतणं वेगळं. उत्तर अमेरिकेतल्या ३५,५३३ धडधाकट पुरुषांवर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची चाचणी झाली, तेव्हा नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर सतरा टक्क्यांनी जास्त आढळला.

मुळात अँटिऑक्सिडंट असोत वा इतर द्रव्यं, वनस्पती ती आपल्यासाठी नाही, स्वतःसाठी तयार करते. लोणच्यासाठी किंवा रायत्यासाठी मोहरी फेसताना जो झणका नाकातून थेट डोक्यात जातो, तो म्हणजे त्या रोपाने किडीविरुद्ध केलेली तजवीज. दाण्यात सिनिग्रिन नावाचं द्रव्य एका जागी असतं आणि त्याला फोडणारं एन्झाइम दुसऱ्या जागी. दाणा चिरडला आणि पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि तिखट तेल सुटतं. तीच मोहरी गरम तेलात तडतडली की एन्झाइम मरतं. म्हणून फोडणीच्या मोहरीने कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

कोबी, फ्लॉवर, मुळा, ब्रोकोली ही सगळी मोहरीचीच भावंडं. अशाच तऱ्हेने ब्रोकोलीतून सल्फोराफेन नावाचं द्रव्य तयार होतं, आणि त्यावर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलालय यांनी १९९२ पासून काम उभं केलं. गंमत अशी की हे द्रव्य फ्री रॅडिकल टिपत बसत नाही. ते पेशीला किंचित डिवचतं आणि पेशी आपली विष निपटणारी एन्झाइम्स कामाला लावते. चीनमधल्या छीतोंग इथे हवेचं प्रदूषण मोठं आहे. तिथे २९१ जणांच्या चाचणीत काहींना बारा आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचं पेय दिलं, तर त्यांच्या लघवीवाटे बेंझिन या विषाचा निचरा ६१ टक्क्यांनी वाढला. हा निकाल उमेद वाढवणारा आहे. मात्र तिथे मोजला तो विषाचा निचरा, कॅन्सर नव्हे. बातमीचा मथळा वाचताना एवढं जरूर पाहावं.

हळदीचा विषय आपल्याकडे जिव्हाळ्याचा. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) लढून ते १९९७ मध्ये रद्द करवलं, याचा अभिमान रास्तच आहे. पण ते भांडण जखमेचं होतं, कॅन्सरचं नव्हतं. कॅन्सरबाबतचं कामही मुंबईत झालं आहे. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. एस. व्ही. भिडे आणि सहकाऱ्यांनी हळद खाऊ घातलेल्या उंदरांमध्ये रसायनांनी होणाऱ्या जठराच्या आणि त्वचेच्या गाठी कमी झाल्याचं १९९२ मध्ये दाखवलं.

उंदरातलं माणसात उतरताना अडचण येते. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं शिरतच नाही, आणि जे शिरतं ते यकृत झपाट्याने बाहेर काढतं. तोंडात पांढरे चट्टे, म्हणजे ल्युकोप्लाकिया, असलेल्या २२३ भारतीय रुग्णांवरची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिने रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी ६७.५ टक्के जणांचे चट्टे आक्रसले. नावाची गोळी घेणाऱ्यांतही ५५.३ टक्के जणांचे आक्रसले होते. चट्टे पूर्ण गेलेले रुग्ण अनुक्रमे अठरा आणि आठ. फरक आहे, आणि पुढे शोध घ्यावा असाच आहे. पण हळदीत कर्क्युमिन असतं तीन टक्क्यांच्या आसपास. ३.६ ग्रॅमसाठी रोज सव्वाशे ग्रॅमच्या घरात हळद खावी लागेल. वरणातली चिमूट आणि ही मात्रा यांची तुलनाच होत नाही. कर्क्युमिन जास्त शोषलं जावं म्हणून मिऱ्याचं पायपरिन घातलेल्या तीव्र गोळ्या आता सर्रास मिळतात, आणि अशा गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी अमेरिका, इटली आणि ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत.

झाडांनी कॅन्सरवर औषधं दिली आहेत हे निर्विवाद. सदाफुलीतून व्हिनक्रिस्टिन आलं. सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन सापडतं, आणि हे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या संशोधकांनी दाखवून दिलं. त्याच्यापासून बनलेली औषधं आज जगभर वापरली जातात. मात्र ही मोजून, रक्त तपासत, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायची विषं आहेत. कॅन्सर टाळण्यासाठी ती कुणी रोज घेत नाही.

अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की कॅन्सर टाळण्यासाठी बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत. भाज्या-फळांच्या बाबतीत युरोपातल्या मोठ्या पाहणीत, रोज दोनशे ग्रॅम जास्त खाणाऱ्यांना एकूण कॅन्सरचा धोका जेमतेम तीन टक्क्यांनी कमी आढळला. फायदा छोटा आहे, पण बिनधोक आहे. तंबाखू टाळण्याचा फायदा याच्या कितीतरी पट मोठा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. तंबाखू ओढणाऱ्यांना तर बीटा कॅरोटीनच्या गोळीने अपायच होतो. ज्यांची केमोथेरपी किंवा किरणोपचार चालू आहेत, त्यांनी अँटिऑक्सिडंट म्हणून घेतलेली प्रत्येक पुडी आणि बाटली आपल्या डॉक्टरांना दाखवायला हवी, मग ती कितीही ‘नैसर्गिक’ असो. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तोंड पूर्ण उघडेनासं झालं, तर हळदीच्या गुळण्यांवर दिवस न काढता जवळच्या दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात जाऊन तपासून घ्यावं. आजार लवकर कळला तर उपचार सोपे असतात.