फास्टर फेणेचे वय

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा मूळचा फुरसुंगीचा शाळकरी मुलगा. आदित्य सरपोतदारांच्या २०१७ च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस बसणारा तरुण झाला. त्याचा ‘ट्टॉक्’ राहिला, बाल्य गेले. या बदलाने जुना वाचक दुखावला, तर तो निव्वळ हट्ट मानता येणार नाही. थोरांच्या जगात एक पोर सायकलवरून धावते आणि थोरांना न दिसलेले त्याला दिसते, या विषमतेतच मूळ कथांचा थरार आहे. नायक प्रौढ होताच ती मावळते. उरते ती गुन्ह्याच्या शोधाची कथा. दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने खुद्द भागवतांनाच पात्र करून चित्रपटाने आपले ऋण मान्य केले, हे खरे. रूपांतरकारास स्वातंत्र्य असतेच. परंतु पात्राचा प्राण कोठे आहे हे सांगण्याचा वाचकाचा अधिकार त्यामुळे लोपत नाही.