रबरी पट्टीचे मोल
फोक्सवॅगन बीटलचे मागचे इंजिन गिअरबॉक्सला अवघ्या 4 ठिकाणी आवळलेले असते, म्हणून ते बसवणे सोपे वाटते. जॅकवर उचललेल्या इंजिनाचा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टवर येऊ द्यायचा नाही, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. खरी हयगय होते ती इंजिनाभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेची फट बुजवणारी रबरी पट्टी लावताना. या गाडीला रेडिएटर नाही. पंखा वरच्या कप्प्यातली थंड हवा ओढून सिलिंडरांवरून खाली सोडतो. पट्टी नसेल तर सायलेन्सरजवळची तापलेली हवाच पुन्हा वर खेचली जाते. फट राहिली तर वारा जास्तच मिळेल, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न हवेच्या मापाचा नाही, तापमानाचा आहे. तेलही याच हवेने थंड होते. पट्टी कडक झाली असेल, तर इंजिन चढवण्याआधीच बदला.