एक शब्द, दोन जकाती

रमजानमध्ये आमच्या घरी ‘जकात’ हा शब्द रोज कानावर पडतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के हिस्सा गरजूंचा. तो ईदच्या आत त्यांच्या हाती पोचावा यासाठी घरोघरी हिशेब सुरू असतात. शेगावातल्या एखाद्या जुन्या माणसापुढे हाच शब्द उच्चारा. त्याला दान नाही, नाका आठवेल. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली, तरी शब्द जिभेवरून गेलेला नाही.

दोन्ही शब्द एकच आहेत. अरबीत त्याचा मूळ अर्थ शुद्ध होणे, वाढणे. पूर्वी व्यापाऱ्याच्या मालावरची जकात वाटेवरच्या चौकीतच घेतली जाई. त्यातून ‘मालावरचा कर’ हा अर्थ रुळला आणि फारसीच्या वाटेने मराठीत आला. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सुभेदाराला पत्र पाठवून बारदेशातून येणाऱ्या मिठावर भारी जकात बसवायला सांगितले, कारण त्या स्वस्त मिठापुढे स्वराज्यातले मीठ पडून राहत होते. सीमेवरचा कर तेव्हाही नुसता खजिना भरण्यासाठी नव्हता.

हे सगळे आठवायला कारण घडले. परवा इफ्तारच्या थोडे आधी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. वडिलांचे बाजारात किराणा दुकान आहे. ओटीच्या खारका, हळकुंडे, खोबरे वर्षभर. रमजानात बाहेर खजुराच्या पेट्या. पोराने बी.कॉम. झाल्यावर हौसेने आयात-निर्यातीचा कोड काढून ठेवला होता.

“सर, मुंबईचा एक दलाल म्हणतो, कोड तुझा वापरू दे. माल मी आणतो, पैसे मी भरतो. तुला कंटेनरमागे ठरलेली रक्कम. दुबईची खारीक आहे. अप्पा म्हणाले, आधी सरांना विचार.”

मी वाणिज्य शिकवत नाही. तरी अजान व्हायला वेळ होता. आम्ही दोघे मोबाईलवर नियम उघडून बसलो.

परदेशी व्यापारासाठी १९९२ च्या कायद्याने हा कोड सक्तीचा आहे. त्याला सगळे आयईसी म्हणतात. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळतो, फी ५०० रुपये. दहा अक्षरी क्रमांक, आणि जीएसटी आल्यापासून तो म्हणजे आपलाच पॅन. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती तपासून कायम करावी लागते, नाहीतर कोड निष्क्रिय होतो. पुढे बँकेचा एडी कोड सीमाशुल्क खात्याच्या ‘आइसगेट’ पोर्टलवर नोंदवायचा. खाण्याचा माल असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना. बंदरात माल उतरला की ‘बिल ऑफ एंट्री’ भरायचे: माल काय, किंमत किती, कोणत्या देशात पिकला. हे सगळे खरे आहे, अशी हमी त्यात आयातदार देतो.

“म्हणजे सही दलालाची नाही, माझी?”

“तुझी. पॅनही तुझाच.”

मग खारकेचा विषय निघाला. पूर्वी आपल्याकडची बरीचशी खारीक पाकिस्तानातून, सिंधमधून यायची. पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये तिकडच्या सगळ्या मालावर २०० टक्के शुल्क लागले. २ मे २०२५ रोजी तर थेट असो वा तिसऱ्या देशामार्गे, तिथला कोणताही माल आणण्यावर बंदी आली. जूनमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा बंदरात ३९ कंटेनर पकडले. १,११५ टन माल, किंमत सुमारे नऊ कोटी. दुबईमार्गे आलेल्या त्या मालात खारीकही होती. कागदावर ती अमिरातीची. आयात करणाऱ्या एका फर्मच्या भागीदाराला अटक झाली.

दलालाची खारीक तसलीच होती, असे मी म्हणणार नाही. मला ते ठाऊक नाही. पण माझ्या विद्यार्थ्यालाही ते ठाऊक नव्हते, आणि खरी अडचण तीच होती. जो माल आपण पाहिला नाही, ज्याचा विक्रेता आपल्या ओळखीचा नाही, तो कुठे पिकला याची हमी आपल्या नावाने द्यायची. पुढे काही निघाले तर दलालाचा फोन बंद. नोटीस मात्र शेगावच्या पत्त्यावर. व्यापार कायद्यातला दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. अप्पांचे अख्खे दुकान विकूनही एका कंटेनरचा दंड फिटला नसता.

तो बराच वेळ गप्प होता. रकमेचा आकडा मोठा होता, आणि बहिणीचे लग्न ठरले आहे, हेही मला माहीत होते.

उर्दूत ‘अमानत’ म्हणतात, मराठीत ठेव. आपले नाव ही आई-वडिलांनी दिलेली ठेव असते. ती भाड्याने देता येत नाही. उपवास फक्त पोटाचा नसतो असे आम्ही रमजानात एकमेकांना सांगतो. त्यात सहीचाही उपवास आलाच.

अजान झाली. बायकोने ताटली पुढे केली, त्यानेही एक खजूर उचलला. जाताना म्हणाला, “काकू, येतो. सर, दलालाला नाही म्हणून कळवतो. माल आणायचा तेव्हा स्वतः पाहून, थोडा आणीन.”

दुसऱ्या दिवशी दुकानावरून गेलो. अप्पांनी हाक मारून बसवले, पाणी मात्र विचारले नाही. त्यांना रोजा ठाऊक आहे. म्हणाले, “पोरगा नाराज आहे थोडा. होईल ठीक.” लग्नाच्या खर्चाविषयी ते बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

तुमच्या घरातल्या एखाद्या मुलाने असा कोड काढला असेल, तर एवढेच विचारा: तो कोण वापरतो? रमजानची जकात देताना आपण पै-पै मोजतो. बंदरातल्या जकातीच्या कागदावर आपले नाव असेल, तर तिथेही हिशेब आपल्यालाच द्यायचा असतो.